आखणीच्या ओट्यावर

"तिले खालीच राहू द्या, चाचा. पोरीची जात. उद्या वरून पडली-गिडली तं तिच्या बापाले जवाब कोन देईन?"

मी अँगलच्या, म्हणजे काटकोनी लोखंडी पट्ट्यांच्या, चळतीमागे उकिडवी बसून खडूनं नंबर टाकत होते. बोलणारा घनवाला मला दिसत नव्हता, पण त्याचा आवाज कारखान्यात कुठूनही ओळखू यायचा. आयुष्यभर लोखंडावर घन मारून त्याला स्वतःला कमी ऐकू येई, म्हणून तो सगळ्यांशी ओरडून बोले.

"मंग तिच्या होलाईत बोल्ट कोन टाकन?" मिस्त्रीचाचांनी विचारलं.

"पिंपळगाव हाये ना. त्याले वर सोडा. ते तं जल्मलंच झाडावर असन."

दोघं-तिघं हसले. चाचा हसले नाहीत, पण नको असंही म्हणाले नाहीत. थोड्या वेळानं त्यांच्या विडीचा वास आला आणि मला कळलं की ठरलं. मला त्या क्षणी काय वाटलं ते आधी लिहायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं. मला हायसं वाटलं. इतकं की मी चळतीला पाठ टेकून जमिनीवरच बसले.

आदल्या दिवशी मला वर चढवलं होतं. कारखान्याच्या आवारातच माल ठेवायची एक शेड उभी राहत होती. खांबाला लावलेल्या शिडीनं मी टोकापर्यंत गेले. शिडी संपली तिथून कैचीच्या खालच्या अँगलवर पाय टाकायचा होता. कैची म्हणजे छपराचा तिकोनी लोखंडी सांगाडा, ज्यावर पत्रे बसतात. मी हात टाकला, पाय टाकला नाही. खाली बघू नको असं सगळे सांगत होते म्हणून मी समोर बघत होते, आणि समोर काहीच नव्हतं. मग मला हलताच येईना. शेवटी पिंपळगाव खालून शिडी चढून आला आणि माझा एकेक पाय घोट्याशी धरून खालच्या पायरीवर ठेवत त्यानं मला उतरवलं. सगळा वेळ तो मान वळवून भिंतीकडे बघत होता. साडीतली मुलगी वर आणि पुरुष खाली, त्याला दुसरीकडे बघणं भाग होतं. उतरल्यावर मी त्याला एक शब्दही बोलले नाही. सरळ माठाकडे गेले आणि तहान नसताना पाणी पीत राहिले.

पिंपळगाव हे त्याचं नाव नव्हे. तो पिंपळगाव राजाचा, म्हणून. आमच्याकडे नावानं हाक मारायची पद्धतच नव्हती. मला रेडिओबाई म्हणत. मी बोलले तर पुस्तकातलं बोले, आणि बहुतेक वेळा बोलतच नसे, म्हणून कोणी तरी पुढे "बंद रेडिओ" असंही जोडलं होतं.

वडील रेल्वेत असल्यामुळे मी भुसावळला इंग्रजी शाळेत शिकले. मॅट्रिक झाले तेव्हा पुढे काय, यावर घरात बराच काळ नुसती कुजबुज चालली. त्याच सुमारास खामगावच्या एका कारखान्यात सरकारी योजनेतून शिकाऊ उमेदवार घेणार असल्याचं वडिलांना समजलं. कापसाच्या जिनिंगच्या शेडी, सोसायट्यांची गोदामं, पाण्याच्या टाक्यांचे मनोरे, असं लोखंडी काम तिथं चाले. कारखान्याचे शेठ वडिलांच्या ओळखीचे होते. मला नकाशे गिरवायला घ्यायचं ठरलं. टेबल, पंखा, ट्रेसिंगचा कागद. आत्या खामगावलाच राहत होती, त्यामुळे तोही प्रश्न मिटला. पण मी रुजू झाले त्या आठवड्यात नकाशे काढणारा माणूस नागपूरला चांगल्या नोकरीवर निघून गेला आणि टेबलाला कुलूप लागलं. करारावर तर सही झालेली होती, विद्यावेतन मंजूर झालेलं होतं, आणि करारात धंदा लिहिला होता लोखंडी बांधकामाचा कारागीर. शेठनी डोकं खाजवलं आणि मला चाचांच्या हवाली केलं. "शिकव इले जे येईन ते," म्हणाले. घरी मी हे कळवलं नाही. पत्रात लिहिलं, काम चांगलं चालू आहे. ते खोटं नव्हतं.

खरंच ते खोटं नव्हतं. कारखान्याच्या मध्यभागी सिमेंटचा एक गुळगुळीत ओटा होता, लग्नाच्या मांडवाएवढा. कैची करायची तर आधी ती त्या ओट्यावर खडूनं पुऱ्या मापात आखायची. दोन टोकांना दोघं बसतात, निळीत भिजवलेली दोरी ताणतात, मधे चिमटीत धरून सोडतात, आणि फट्‌ आवाज होऊन जमिनीवर एक सरळ निळी रेघ उमटते. रेघेवर अँगल मांडायचे. जिथं चार-पाच अँगल एकत्र येतात तिथं पोलादी पाटा ठेवायचा, त्याला गसेट म्हणतात. मग गसेटवर होलाच्या जागा आखायच्या आणि पंचाचं टोक ठेवून हातोडीनं एकेक टिंब मारायचं. ते टिंब म्हणजे होल कुठे पडणार याचा शेवटचा निकाल. मला हे काम पहिल्या दिवसापासून आवडलं. शाळेत भूमितीची आकृती वहीच्या पानात मावायची, इथे मी तिच्या आत चालत होते.

चाचांना माझी गरजही होती. मिलिमीटर नवीनच आले होते. कारखान्यातल्या पट्ट्या इंचाच्या, चाचांचा हिशेब सुताचा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बाहेरून येणारे नकाशे मात्र मिलिमीटरमध्ये आणि सूचना इंग्रजीत. मी नकाशा वाचायची, मापं इंचात करून सांगायची, चाचा गुडघ्यावर बसून काटकोन तपासायचा गुण्या लावायचे. काही दिवसांत ते नुसतं बघू लागले आणि आखणी मी करू लागले. "बेटी, तुह्या हाताले रेघ येते," असं एकदा म्हणाले. त्या दिवशी मी आत्याकडे दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

आता त्या कारखान्याची एक रीत सांगते. ज्याचा पंच, त्याचा बोल्ट. ज्यानं खाली होल आखलं त्यानंच कैची उभी करताना वर जायचं आणि त्या होलात बोल्ट घालायचा. आखणीत चूक असेल तर वर लटकून तीच व्यक्ती घाम गाळणार. उमेदवारांच्या बाबतीत तर हा नियम पक्का होता. एक शेड खाली, एक शेड वर, अशी पाळी फिरायची, म्हणजे दोन्ही कामं हाताखालून जात. आम्ही दोघंच उमेदवार होतो, मी आणि पिंपळगाव. माझ्यासाठी नियम मोडला याचा अर्थ एवढाच होता की माझ्या होलात बोल्ट तो घालणार. निदान मी एवढाच अर्थ घेतला.

तो माझ्यापेक्षा वयानं थोडा मोठा. मराठी सातवी. घरी थोरले भाऊ आणि त्यांच्यात पुरेल न पुरेल अशी कोरडवाहू. लग्न झालेलं होतं. वर चढला की अँगलवरून असा चालायचा की जणू बांधावरून चाललाय. तोंडात बोल्ट धरलेले, खांद्याला पाना, आणि शीळ घालायला तोंड मोकळं नसल्यामुळे नाकातून गाणं. घनवाला खालून ओरडायचा, "बे पिंपळगाव, पोरगी पाहाले चालला का? सावकाश." त्यावर तो बोल्ट तोंडातून काढून म्हणायचा, "एक करून फसलो ना, बुवा. आता वरच बरं हाये."

खाली असला की मात्र तो ओट्याकडे बघत असायचा. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन ओट्याच्या कडेला बसे आणि माझ्या रेघा बघत खाई. एकदा त्यानं विचारलं, "बाई, हे अक्षर काय सांगते?" मी सांगितलं, की अमुक होलं उभारणीच्या वेळी पाडायची, आधी नाही. "अन् हे?" तेही सांगितलं. त्यानं डबा बाजूला ठेवला, हात पँटला पुसले आणि खडू मागितला. मी दिला. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून एका गसेटची आखणी करू लागलो. त्याचा हात जड होता, पण तो रेघ मारण्यापूर्वी बराच वेळ बघायचा.

"शाया भरली का बे?" घनवाल्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "फी काय घेते बाई?"

सगळे हसले. पिंपळगावही हसला, म्हणाला, "फी मागन तं तुमच्यापासून उसने घेईन." मला मात्र हसू आलं नाही. मी डबा उचलला आणि स्टोअरच्या खोलीत जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत ते आत्याच्या कानावर गेलेलं होतं. आत्या भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "लोखंडाचं काम करतं तेवढं पुरे हाये वं. लोकाईले बोलाले आनखी जागा नको देऊ."

दुसऱ्या दिवसापासून सुट्टीत मी ओट्यावर थांबले नाही. त्यानं दोन-तीनदा वाट बघितली असावी. मग तोही माठाजवळ इतरांत बसू लागला.

चिखलीकडच्या एका जिनिंगची शेड करताना माझ्या हातून चूक झाली. गसेटपासून गसेटपर्यंत जाणाऱ्या लांब अँगलवर ओळीनं होलं होती, दोन होलांत पंचाहत्तर मिलिमीटर. म्हणजे तीन इंचांना किंचित कमी. तो किंचितपणा मी सोडून दिला आणि प्रत्येक होल आधीच्या होलापासून तीन इंचांवर मारत गेले. एका अंतरात तो फरक दिसतही नाही. ओळीच्या शेवटी तो तीन सूत झाला. मापं नेहमी एकाच टोकापासून घ्यायची, मागच्या होलापासून नाही, हे मी त्यानंतर शिकले.

पण ती ओळ मी वर जाऊन जुळवली नाही. पिंपळगावनं जुळवली. उन्हात, एका हातानं कैचीला लटकून, दुसऱ्या हातात कानस घेऊन त्यानं होल लांबवलं. कैच्या बऱ्याच होत्या. संध्याकाळी ट्रक कारखान्यात परतला तेव्हा तो उडी मारून उतरला आणि सरळ माझ्यासमोर आला. त्याच्या तळहाताची साल निघालेली होती.

"बाई, खाली तुमची रेघ चुकली तं फडक्यानं पुसता येते. वर मले लटकून पुसा लागते."

आवाज फार मोठा नव्हता. पण चाचांनी तो ऐकला.

"पोरीवर आवाज चढवतं काय बे?" चाचा म्हणाले. "अँगल वाकडा असन. तुले सरळ धरता नाई आला. नाचता येईना अन् आंगन वाकडं."

"अँगल वाकडा नाई, चाचा."

"चूप बस. उद्या कामावर येवाचं हाये का नाई?"

त्यानं पाना खांद्यावरून उतरवला. माझ्याकडे बघितलं, फक्त एकदा. मला माहीत होतं, मी माप कसं घेतलं होतं. चाचांना सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते मी मनात इंग्रजीत तयार केलं, मग मराठीत केलं, आणि तोवर चाचा पाण्याचा पंप बंद करायला निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मापाची पद्धत बदलली. कुणाला सांगितलं नाही. ती रेघ बरोबर आली तेव्हा चाचांनी पाठ थोपटली, आणि मला वाटलं की झालं, फिटलं.

त्यानंतर शेडमागून शेड झाली. पाळी फिरायचं कधीच बंद झालं होतं. ओटा माझा आणि वरचं काम त्याचं, हे इतकं रुळलं की नव्या आलेल्या हमालालाही तसंच सांगितलं जाई. घनवाला म्हणायचा, "एक जमिनीवरची, एक आभायातला. सरकारनं जोडी बरी पाठवली." मला हे सोयीचं होतं. मला साडीचा पदर खोचून ओट्यावर बसायचं असायचं. सकाळची कोवळी उन्हं दारातून आत येत, सिमेंट थंड असे आणि ताणलेली दोरी सुटण्यापूर्वी थरथरे. मी ज्या कामाची राखण करत होते ते काम मला फार प्रिय होतं. कंटाळवाणं असतं तर मी कदाचित लवकर बोलले असते.

मग परीक्षेचं पत्र आलं. उमेदवारी संपताना सरकारचा माणूस येऊन परीक्षा घेणार, हे माहीत होतंच. चाचांनी मला पत्र वाचायला लावलं. नकाशा देणार, त्यावरून एक सांधा पुऱ्या मापात आखायचा, गसेट कापायचं, होलं पाडायची, जोडून दाखवायचं. सगळं जमिनीवर. वर चढण्याचा त्यात उल्लेखही नव्हता.

मी वाचून संपवलं. पिंपळगाव दाराशी पान्याला तेल देत होता.

"म्हनजे म्या तं पासच," तो म्हणाला. "कैचीवर जाऊन बसतो. परीक्षावाल्याले म्हनतो, मले खाली उतरवून दाखव."

सगळे हसले. थोड्या वेळानं, बाकीचे पांगल्यावर, तो तेलाचा डबा ठेवता ठेवता तिथल्याच एका जुन्या माणसाला म्हणाला, "घरी सांगून आलो काका, का मिस्त्री होऊनच येतो. भावाईनं माह्या वाट्याचं काम अंगावर घेतलं. तसाच गेलो परत, तं कोन्या तोंडानं वखर धरू?" मी नकाशाची घडी घालत होते, ती पुन्हा पुन्हा घालत राहिले.

त्या दिवशी संध्याकाळी मी चाचांना विचारलं. धीर गोळा करून विचारलं असं नाही, पुसायचं फडकं झटकता झटकता सहज विचारावं तसं. "चाचा, त्यांना आखणी येत नाही. परीक्षेत काय करतील?"

चाचा चष्मा काढून पुसत होते. "काय करन. नशीब त्याचं." मग माझ्याकडे बघून मायेनं म्हणाले, "तू हाये म्हनून बरं झालं, बेटी. नाईतं मले त्यालेच शिकवा लागलं असतं."

त्यांना ते कौतुक म्हणून म्हणायचं होतं. मी हसलेसुद्धा. घरी जाताना रस्त्यात ते वाक्य पुन्हा आठवलं. मला उंचीपासून वाचवलं तेव्हा कुणीही त्याचं काही काढून घेत नव्हतं, सगळे माझ्यावर दया करत होते. पण जी जागा दया म्हणून मला मिळाली तीच या धंद्यातली शिकण्याची जागा होती. वरचं काम धोक्याचं आणि उन्हाचं, खालचं काम सावलीचं आणि पुढे नेणारं. दोन्हींतलं चांगलं ते माझ्याकडे आलं होतं आणि ते मी मुकाट ठेवून घेतलं होतं.

तरीही मी बोलले नाही. दिवस जात होते.

अमडापूरच्या गोदामावर कैच्या चढत होत्या. एके दिवशी स्टोअरचा माणूस तापानं पडला, आणि बोल्टची पोती मोजून द्यायला मला ट्रकबरोबर पाठवलं. गोदामाच्या भिंती उभ्या होत्या, गिलावा व्हायचा होता. वर पिंपळगाव काम करत होता, त्याचं नाकातलं गाणं खालपर्यंत येत होतं. पोती उतरवून झाल्यावर मी सावलीसाठी आत गेले.

आतल्या भिंतीवर कोळशानं काढलेलं होतं. आधी मला वाटलं, कुणा पोरानं रेघोट्या ओढल्यात. मग दिसलं, ते गसेट होतं. एक नव्हे, भिंतभर. खालच्या ओळीतली वेडीवाकडी, वर वर सुधारत गेलेली. मधले अँगल बरोबर कोनात आलेले. बाजूला इंग्रजी अक्षरं होती, नकाशावरची जशीच्या तशी काढलेली, वाचून लिहिलेली नव्हे, चित्र उतरवावं तशी. त्यातला एस उलटा होता. त्या एका सुट्टीपलीकडे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो वर बसून माझ्याच गसेटवरून बोटं फिरवून शिकला असणार, कारण दुसरं गसेट त्याच्या नजरेसमोर कधी आलंच नव्हतं.

मी जवळ जाऊन दोन गसेटांमधल्या लांब अँगलवरची होलांची ओळ बघितली. दोन होलांच्या मधे बाण काढला होता आणि बाणावर मराठी आकडा, तीन. पुढच्या दोन होलांत पुन्हा तीन. पुन्हा तीन. टोकापर्यंत. प्रत्येक माप मागच्या होलापासून, चिखलीच्या त्या अँगलवर होतं तसं.

ती माझी चूक होती. ती मी केव्हाच सोडली होती, पण सोडताना त्याला सांगितलं नव्हतं. तो परीक्षेला बसणार आणि सरकारी माणसासमोर माझी चूक मोठ्या काळजीनं करून दाखवणार, हे मला भिंतीवर लिहिल्यासारखं दिसत होतं.

मी पदराच्या टोकानं एक तीन पुसायला गेले. मग थांबले. पुसून काय होणार होतं? वरून त्यानं हाक दिली, "बाई, बोल्ट आले का पुरे?" मी "हो" म्हणाले. एवढंच म्हणाले.

परतीच्या वाटेवर ड्रायव्हरच्या शेजारी बसून मी हिशेब केला. सुट्टीत शिकवायचं तर लोक बोलणार आणि ते त्याच्याही घरापर्यंत जाणार. चाचांनी शिकवायचं तर चाचा सकाळीच, आखणी चालू असतानाच शिकवतात, आणि त्या वेळी तो साइटवर असतो. तो ओट्यावर यायचा असेल तर वर दुसरं कुणी तरी जायला हवं. शेठ नवा माणूस घेणार नव्हते. उलटसुलट कसंही मांडलं तरी उत्तर एकच येत होतं आणि त्या उत्तराला शिडी होती.

संध्याकाळी आत्याला मी तिचं जुनं लुगडं मागितलं.

"लुगडं? तुले? काऊन वं?"

"साडीत वर चढता येत नाही."

आत्यानं हात पदराला पुसले. "कोनं सांगितलं चढाले?"

"कुणी नाही."

"तुह्या बापाले माहीत हाये?"

मी मान हलवली. नाही. आत्यानं पेटी उघडली आणि सगळ्यांत जाड पोताचं, हिरवं लुगडं काढून दिलं. मला कासोटा घालता येत नव्हता. तिनंच दोनदा नेसवून दाखवला, घट्ट, निऱ्या ओढून, आणि म्हणाली, "मी काही दिलं नाई. तूच पेटीतून घेतलं, समजलं?" 

सकाळी मी लुगड्यात कारखान्यात शिरले तेव्हा माणसं ट्रकजवळ जमत होती. खूप लाज वाटत होती. पिंढऱ्या उघड्या, पायात चपला, डोक्याला रुमाल.

"अरे बाप," घनवाला ओरडला, "रेडिओबाई आज निंदाले निघाली का? कोन्या वावरात?"

हशा झाला. कुणी तरी म्हणालं, रोजगार ठरवून घ्या बाई. पिंपळगाव ट्रकच्या फाळक्यावर पाय सोडून बसला होता. तो हसला नाही, त्याला काही कळलं नव्हतं. चाचा ओट्याजवळ उभे होते. तिथं माझी दोरी गुंडाळून ठेवलेली होती, नवा नकाशा पसरलेला होता, चार कोपऱ्यांवर चार बोल्ट. मोठी, अवघड शेड होती, तशी मी अजून आखलेली नव्हती. मी नकाशाकडे बघितलं. मग बघायचं बंद केलं.

"बेटी, हे काय?" चाचांनी विचारलं. 

मी बोलायला सुरुवात केली तेव्हा आवाज इतका बारीक निघाला की घनवाला कानामागे हात धरून पुढे झाला. मग मला पुन्हा, मोठ्यानं बोलावं लागलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"चाचा, आज मी वर जाते. मला भीती वाटते, तरी जाते. परीक्षा होईपर्यंत यांना ओट्यावर ठेवा आणि तुम्ही स्वतः शिकवा. मापं एकाच टोकापासून घ्यायला सांगा, यांनी ते चुकीचं माझ्याकडून घेतलंय."